डिटेक्टिव्ह मालिका आणि सुपरहिरो कॉमिक्स: हौशी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री जेवणानंतरचा अर्धा तास, लोकलमधला प्रवास, सुट्टीतली एखादी दुपार. एवढ्याच वेळात जे वाचतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळं वाचून संपवायचं, संग्रह करायचा, असा आग्रह इथे नाही. आणि कुठल्याही कथेतला गुन्हेगार इथे उघड केलेला नाही, त्यामुळे बिनधास्त वाचा.

मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचायला हवी का?

बहुतेक वेळा नाही. जुन्या वळणाच्या डिटेक्टिव्ह मालिकेत खून, तपास आणि उलगडा हे सगळं त्याच पुस्तकात संपतं. शिवाय पहिल्या पुस्तकात लेखकाचा हात बऱ्याचदा बसलेला नसतो. त्यावरून मालिकेचं मत बनवलं, तर चांगली मालिका हातची जाते.

अपवाद दोन. ज्या मालिकांत डिटेक्टिव्हचं खासगी आयुष्य पुस्तकागणिक पुढे सरकतं, म्हणजे लग्न मोडतं, बदली होते, जोडीदार मरतो, त्या क्रमानेच वाचाव्यात. अलीकडच्या युरोपीय पोलीस मालिका पुष्कळशा अशा असतात. हे ओळखायचं असेल, तर मधलं एखादं पुस्तक उघडून पहिली दहा पानं चाळा. आधीच्या प्रकरणाचा तीन-चारदा उल्लेख आला, तर ते ठेवून द्या आणि पहिलं शोधा. दुसरा अपवाद शेवटच्या पुस्तकाचा. ते शेवटीच वाचायचं.

शेरलॉक होम्स कुठून सुरू करू?

‘द अॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’ या १८९२ च्या संग्रहापासून. त्यात १२ कथा आहेत आणि एक कथा एका बैठकीत होते. सगळा होम्स म्हणजे ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा, एकूण ६०. कथा हाच त्याचा खरा प्रांत आहे.

पुष्कळ जण १८८७ ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही पहिली कादंबरी उचलतात आणि अर्ध्यावर अडकतात. त्याचं कारण कथेच्या रचनेत आहे. पूर्वार्धात लंडनमधला तपास होतो, गुन्हेगार पकडला जातो आणि मग अचानक अमेरिकेतल्या यूटाचं वाळवंट सुरू होतं. होम्स पानंच्या पानं दिसत नाही. पुस्तकाची बांधणी चुकली की काय असं वाटतं, पण तशी काही चूक नसते, गुन्ह्यामागची पूर्वकथा तिथे येते. हे माहीत असलं की तो भाग चांगला वाचता येतो. ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्येही हीच रचना आहे.

‘अॅडव्हेंचर्स’नंतर ‘मेमॉयर्स’ हा दुसरा कथासंग्रह घ्या आणि मग ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’. एकच क्रम पाळा: ‘द फायनल प्रॉब्लेम’ आधी आणि ‘द एम्प्टी हाउस’ नंतर. पहिली १८९३ ची, दुसरी १९०३ ची. मधली दहा वर्षं वाचकांनी जी वाट पाहिली, तिची थोडी तरी चव हवी असेल, तर या दोन कथांमध्ये निदान आठवडाभर दुसरं काही वाचा.

माझ्या ‘मेमॉयर्स’मध्ये ११ च कथा आहेत. पानं गळली आहेत का?

नाही. ‘द कार्डबोर्ड बॉक्स’ ही कथा काही आवृत्त्यांत ‘मेमॉयर्स’मध्ये असते, तर काहींत ‘हिज लास्ट बो’ या नंतरच्या संग्रहात. ब्रिटिश पुस्तकातून ती सुरुवातीलाच वगळली होती. त्या कथेच्या आरंभी होम्स वॉटसनच्या मनातले विचार केवळ चेहऱ्याकडे पाहून ओळखतो. तो उतारा वाया जाऊ नये म्हणून ‘द रेसिडेंट पेशंट’ला जोडला गेला. त्यामुळे काही एकत्रित आवृत्त्यांत तोच उतारा जवळजवळ शब्दशः दोनदा भेटतो. छपाईची चूक समजून पुस्तक परत करू नका.

अगाथा ख्रिस्तीची एवढी पुस्तकं आहेत. क्रम काय लावावा?

तिचे दोन मुख्य डिटेक्टिव्ह: हर्क्युल पॉयरोच्या ३३ कादंबऱ्या आणि मिस मार्पलच्या १२. सगळ्या क्रमाने वाचायची गरज नाही, पण काही ठिकाणी खरोखर पाय घसरतो.

‘डम्ब विटनेस’ (१९३७) मध्ये पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार प्रकरणांतल्या खुन्यांची नावं घेऊन टाकतो. ती चार पुस्तकं म्हणजे ‘द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स’, ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’, ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ आणि ‘डेथ इन द क्लाउड्स’. यातलं ‘रॉजर अॅक्रॉइड’ (१९२६) फुटलं तर नुकसान मोठं, कारण त्या पुस्तकाचा सगळा जीव त्याच्या उलगड्यात आहे. ते लवकर वाचून टाका. ‘कार्ड्स ऑन द टेबल’ (१९३६) मध्ये ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’चं रहस्य उघड होतं, म्हणून आगगाडी आधी, पत्ते नंतर. ‘कर्टन’ हे पॉयरोचं अखेरचं प्रकरण. छापलं गेलं १९७५ मध्ये, पण ख्रिस्तीने ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलं होतं. तिच्या अगदी उतारवयातल्या काही पुस्तकांपेक्षा ते कितीतरी घट्ट विणलेलं आहे. निदान पाच-सहा पॉयरो झाल्याशिवाय मात्र त्याला हात लावू नका, कारण त्यातलं दुःख पॉयरोशी ओळख झाल्यावरच पोचतं.

पहिलं पुस्तक म्हणून ‘द ए. बी. सी. मर्डर्स’ किंवा ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ घ्या. दुसऱ्यात १६ वर्षांपूर्वीचा खून आहे आणि संशयित फक्त पाच. ‘अँड देन देअर वर नन’ (१९३९) कुठल्याच मालिकेत नाही, केव्हाही वाचा.

एकच पुस्तक दोनदा विकत घेतलं गेलं. असं कसं झालं?

ख्रिस्तीच्या पुस्तकांची ब्रिटन आणि अमेरिकेत नावं वेगळी असायची. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ म्हणजेच ‘व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!’, ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ म्हणजेच ‘मर्डर इन द कॅले कोच’, ‘डेथ इन द क्लाउड्स’ म्हणजेच ‘डेथ इन द एअर’. मराठी अनुवादांना तर पुष्कळदा तिसरंच नाव असतं. पैसे देण्याआधी शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहा, मूळ नाव सहसा तिथे छापलेलं असतं.

पात्रांची नावं डोक्यात राहत नाहीत. काय करू?

हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो. कंटाळवाणी म्हणून सोडलेली कित्येक पुस्तकं खरं तर नावांच्या गोंधळामुळे सुटलेली असतात. उपाय सोपा आहे.

ए-फोर कागद दोनदा दुमडून त्याची खूण करा. नवं पात्र आलं की एक ओळ लिहा: नाव, मृताशी नातं, खुनाच्या वेळी कुठे होतो असं तो सांगतो. एवढंच. तुमचा संशय त्यावर लिहू नका, कारण लिहिलेला संशय मनात घट्ट बसतो आणि पुढचे धागे दिसेनासे होतात. पहिली पन्नास पानं सलग एका बैठकीत वाचा. रोज पाच पानं असं सुरू केलं, तर बारा प्रवासी कधीच वेगळे वाटणार नाहीत. पुस्तकात घराचा किंवा डब्याचा नकाशा असेल, तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा म्हणजे पानं सारखी मागे उलटावी लागत नाहीत. ‘ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये कोण कुठल्या कंपार्टमेंटमध्ये झोपलं होतं, हे नकाशाशिवाय ध्यानात राहणं अवघडच.

तरीही जमत नसेल, तर कमी संशयितांची पुस्तकं निवडा. ‘कार्ड्स ऑन द टेबल’मध्ये चौघंच आहेत.

खुनी ओळखायचा प्रयत्न करावा, की नुसतं वाचत जावं?

एकदा तरी प्रयत्न करून पाहा. १९२० ते १९४० च्या सुमाराच्या पुस्तकांत वाचकापासून धागा लपवायचा नाही, असा संकेत होता. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये त्याचे दहा नियमच मांडले. एलरी क्वीनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तर उलगड्याआधी गोष्ट थांबवून वाचकाला जाहीर आव्हान दिलेलं असतं: सगळे पुरावे तुमच्यासमोर आहेत, आता सांगा.

इतर पुस्तकांत ही जागा स्वतः ठरवावी लागते. साधारण तीन चतुर्थांश पुस्तक संपलं, किंवा डिटेक्टिव्हने सगळ्यांना एका खोलीत बोलावलं, की पुस्तक मिटा. संशयितांच्या कागदावर नजर फिरवा आणि ‘कोण’पेक्षा ‘हे वाक्य लेखकाने इथे कशाला घातलं?’ असं विचारा. नजर चुकते ती बहुतेक विनोदी किंवा किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगात, कारण लेखक धागा नेमका तिथेच ठेवून पुढे निघून जातो.

होम्सच्या कथांत हा खेळ फारसा जमत नाही. होम्सला दिसलेली राख किंवा मातीचा डाग आपल्याला बऱ्याचदा नंतर कळतो. तिथे त्याची रीत पाहण्यातच आनंद आहे.

सिनेमा पाहिलाय, शेवट माहीत आहे. आता वाचून काय उपयोग?

भरपूर. खुनी माहीत असताना तो प्रत्येक प्रसंगात काय बोलतो, लेखिका खोटं न बोलता त्याला कसं झाकते, हे पाहता येतं. दुसऱ्या वाचनात ‘रॉजर अॅक्रॉइड’ पहिल्याइतकंच, कदाचित थोडं अधिकच थक्क करतं. फक्त एक काळजी घ्या: नव्या आवृत्त्यांतली प्रस्तावना शेवटी वाचा. प्रस्तावनाकार अभ्यासू असतो आणि रहस्य सांगून टाकायला कचरत नाही.

मराठीत काय वाचता येईल?

होम्ससाठी भालबा केळकरांचे अनुवाद. सत्यजित राय यांच्या फेलुदा या बंगाली डिटेक्टिव्हच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. यात ‘सोनार केल्ला’ची कथा लवकर वाचा, कारण जटायू हा लेखकमित्र तिथे पहिल्यांदा भेटतो आणि पुढच्या कथांचा अर्धा गोडवा त्याच्यात आहे. फेलुदाची एक कथा वेरूळच्या कैलास लेण्याभोवती घडते, एक मुंबईच्या सिनेसृष्टीत. आपल्या वाचकांना ती ठिकाणं लगेच ओळखू येतील. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी दूरदर्शनमुळे १९९३ पासून घराघरात पोचलेला. त्याच्या ३२ पूर्ण कथा आहेत आणि त्या मोठ्यांसाठीच्या.

अस्सल मराठीत बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू. ही छोटेखानी पुस्तकं क्रमाची चिंता न करता मिळेल ती घ्या. सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांचा वेग आजही टिकून आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या.

आता कॉमिक्स. पहिल्या अंकापासून सुरुवात करायची ना?

इथे तर मुळीच नाही. सुपरमॅन जून १९३८ च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला, बॅटमॅन मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात. (सुपरहिरो आणि डिटेक्टिव्ह यांचं नातं असं नावातच आहे. बॅटमॅन मुळात गुन्हे शोधणाराच.) तेव्हापासूनचं सगळं वाचायला आयुष्य पुरणार नाही.

शिवाय अंकाच्या नंबरावर विसंबता येत नाही. खप वाढावा म्हणून प्रकाशक मालिका पुन्हा १ पासून सुरू करतात. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ १९६३ मध्ये सुरू झालं आणि १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ मध्ये पुन्हा ‘अंक १’ निघाले. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २०११ मध्ये १ वर आलं आणि २०१६ मध्ये थेट ९३४ वर परतलं. म्हणून शोधताना तीन गोष्टी एकत्र लिहा: मालिकेचं नाव, सुरू झाल्याचं वर्ष, लेखक. लेखक बदलला की बहुधा कथेचा सूर, वेग, कधी कधी पात्राचा स्वभावही बदलतो. हौशी वाचकाने पात्राच्या मागे न जाता लेखक-चित्रकार जोडीच्या मागे जावं, हा आमचा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

सुटा अंक, ट्रेड पेपरबॅक, ऑम्निबस: काय घेऊ?

सुट्या अमेरिकी अंकात साधारण ३२ पानं, त्यातली गोष्ट २० ते २२ पानांची. उरलेल्या जाहिराती. कथा महिनोन्महिने तुटक मिळते. ट्रेड पेपरबॅकमध्ये असे पाच-सहा अंक एकत्र, जाहिरातींशिवाय. सुरुवातीला हेच घ्या. ऑम्निबस म्हणजे जाडजूड पुठ्ठाबांधणीचा ग्रंथ. टेबलावर ठेवूनच वाचावा लागतो, आडवं पडून नाही.

ट्रेड घेताना पाठीवरचा खंड क्रमांक आणि आत कुठले अंक आहेत, हे दोन्ही पाहा. ‘द कोर्ट ऑफ आउल्स’ या बॅटमॅन-खंडात २०११ च्या मालिकेचे अंक १ ते ७ आहेत आणि कथा तिथे संपत नाही, पुढच्या ‘सिटी ऑफ आउल्स’मध्ये जाते. एकच खंड घेतला, तर ऐन रंगात आल्यावर पान संपतं.

डिटेक्टिव्ह कथा आवडतात. कुठलं कॉमिक आधी?

‘बॅटमॅन: यिअर वन’. १९८७ चं, चारच अंकांचं, पूर्ण. त्यानंतर ‘द लाँग हॅलोवीन’ (१९९६-९७). दर महिन्याला एका सणाच्या दिवशी खून, एका हॅलोवीनपासून पुढच्या हॅलोवीनपर्यंत, म्हणून १३ अंक. ही खरीखुरी ‘खुनी कोण’ कथा आहे. इथेही नावांचा कागद ठेवा, गॉथम या बॅटमॅनच्या शहरातली गुन्हेगार घराणी पटकन मिसळतात. रोज एक अंक वाचला, तर तिचा वेग नेमका लागतो.

बॅटमॅन नको असेल, तर २०१२ ची ‘हॉकआय’ ही तिरंदाज सुपरहिरोची मालिका, एकूण २२ अंक. तिचा ११ वा अंक एका कुत्र्याच्या नजरेतून सांगितलाय. त्याला माणसांचं बोलणं फारसं कळत नाही, म्हणून संवादाच्या फुग्यांत मोजकेच शब्द. वासाच्या खुणांनी जोडलेल्या छोट्या चित्रांतून तो एका खुनाचा माग काढतो. घाईने पानं उलटली तर काही हाती लागत नाही. प्रत्येक चौकटीवर थांबलात, तर शब्दांशिवाय तपास कसा दाखवता येतो ते दिसतं.

‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ सगळ्याच याद्यांत पहिल्या असतात. दोन्ही १९८६ मध्ये सुरू झालेली, दोन्ही थोर. पण ती या प्रकारालाच प्रश्न विचारतात. आधी सात-आठ साधी सुपरहिरो पुस्तकं वाचली असतील, तर त्या प्रश्नांना धार येते.

वीस पानं दहा मिनिटांत संपतात. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

मग फक्त फुगे वाचले जात आहेत. आधी पूर्ण पानावर नजर टाका, मग चौकटी डावीकडून उजवीकडे, वरून खाली. चौकटीत जो फुगा वर आणि डावीकडे, तो आधी. चौकोनी पट्टीतला मजकूर निवेदन किंवा मनातलं बोलणं. शब्द नसलेल्या चौकटीवर शब्द असलेल्या चौकटीइतकाच वेळ द्या. एका अंकाला पंधरा-वीस मिनिटं लागली, तर वेग ठीक आहे.

पान गोंधळाचं वाटलं, तर ती दोन पानांवर पसरलेली रचना आहे का पाहा. मोबाइलवर हे हमखास फसतं. ‘कोर्ट ऑफ आउल्स’च्या ५ व्या अंकात बॅटमॅन चक्रव्यूहात अडकतो, तिथे पानं आडवी होतात, मग उलटी. ही बांधणीतली चूक नव्हे, पुस्तक हातात फिरवत वाचायचं असतं, म्हणजे त्याच्यासारखीच आपलीही दिशा हरवते. टॅबलेटवर वाचत असाल, तर स्क्रीनचं आपोआप फिरणं आधी बंद करा, नाहीतर पान तुमच्याबरोबर फिरून सरळ होईल आणि सगळी गंमत जाईल.

कथा मध्येच दुसऱ्या मालिकेत पळते. ती पण घ्यावी लागते का?

नाही. याला क्रॉसओव्हर म्हणतात. मुखपृष्ठावर मोठ्या घटनेच्या नावाची पट्टी असते, आत तारांकित टीप असते की अमुक मालिकेचा तमुक अंक पाहा. मूळ मालिकेचा पुढचा अंक उघडा, पहिल्या पानावर आधीच्या घडामोडींचा गोषवारा असेल तर तो वाचा आणि चालू लागा. मोठ्या घटनेची मुख्य मालिका हवी असेल तर तेवढीच घ्या. तिला जोडलेले वीस-तीस अंक हौशी वाचकाने सोडावेत.

समांतर विश्वांचंही तसंच. १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ने डीसी या सुपरमॅन-बॅटमॅनच्या प्रकाशकाची अनेक विश्वं एक केली, २०११ मध्ये ५२ मालिका नव्याने सुरू झाल्या. इतकं माहीत असलं की एखाद्या पात्राचं वय किंवा लग्न पुसलं गेलेलं दिसल्यावर गोंधळायला होत नाही. याहून जास्त अभ्यास नको.

मुलांना कुठली कॉमिक्स देऊ नयेत?

मुखपृष्ठावर बॅटमॅन आहे म्हणून देऊ नका. ‘द किलिंग जोक’ (१९८८) आणि ‘वॉचमेन’ निव्वळ प्रौढांसाठी आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना २०१४ ची ‘मिस मार्व्हल’ चांगली.

जुनं पुस्तक घेताना काय पाहावं?

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर असो की अप्पा बळवंत चौकात, रहस्यकथा घेताना शेवटचं पान आधी उघडा. वाचायला नव्हे, आहे का ते पाहायला. जुन्या पुस्तकांची बांधणी सुटते तेव्हा बहुधा शेवटचा फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा) आधी गळतो आणि नेमका उलगडाच जातो. मग पानांचे क्रमांक भराभर चाळा. स्टेपल केलेल्या कॉमिकमध्ये मधलं जोडपान पाहा, सुटून हरवतं ते तेच. इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळ आणि मॅण्ड्रेकचे मराठी अंक अजून अधूनमधून मिळतात, त्यांत ही तपासणी हवीच. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डिंकाचा डाग शाई खातो. पावसाळ्यात अंक भिंतीला लागून ठेवू नका.

इंटरनेटवरच्या फुकट प्रती चालतात का?

होम्स चालतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले. ख्रिस्ती १९७६ मध्ये गेली, म्हणजे तिचे हक्क भारतात २०३६ अखेरपर्यंत आहेत. अमेरिकी संकेतस्थळावर तिची सुरुवातीची पुस्तकं मोफत दिसतात ती तिथल्या कायद्याने. मात्र अनुवादाचा हक्क वेगळा असतो, तेव्हा होम्सचा मराठी अनुवाद आपोआप मोफत होत नाही.

अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक तीन महिन्यांनी उचललं, काहीच आठवत नाही.

नावांचा कागद असेल तर तो आणि सोडलं त्याआधीची दोन प्रकरणं वाचा, पुरतं. कागद नसेल आणि पुस्तक एक तृतीयांशाच्या आत सोडलं असेल, तर सरळ पहिल्यापासून सुरू करा. त्याहून पुढे गेला असाल, तर खून सापडतो ते प्रकरण आणि पोलिसांच्या पहिल्या जबान्या तेवढ्या पुन्हा वाचून पुढे जा. कॉमिकचा आधीचा एक अंक वाचला की काम भागतं.